बुलडॉगचं बाळंतपण

गावठी कुत्री जिन्याखाली नाहीतर कडब्याच्या गंजीआड जाऊन विते. पिल्लांची कुंईकुंई ऐकू आली की मग घरच्यांना कळतं. इंग्लिश बुलडॉगच्या मादीसाठी मात्र शस्त्रक्रियेची तयारी आधीपासून ठेवावी लागते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत बुलडॉगची शंभरातली ८६ वेतं सिझेरियनने झाल्याचं आढळलं. पिल्लाचं डोकं नि खांदे रुंद, आईचं कटिर अरुंद. अडणार नाही तर काय! गर्भधारणाही सहसा कृत्रिम रेतनानेच होते, कारण पुढे जड आणि मागे हलक्या अशा या शरीराला समागम झेपत नाही.

हा प्राणी पूर्वी असा नव्हता. इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ चाले, त्यासाठी चपळ, उंच पायांचा बुलडॉग लागे. १८३५च्या कायद्याने तो खेळ बंद झाला आणि कुत्र्याचं काम गेलं. मग आली प्रदर्शनं. १८७३ साली केनेल क्लब, १८७५ साली बुलडॉग क्लब. आता परीक्षक त्याच्याकडून काम करून घेत नव्हते, नुसते पाहत होते. आणि पाहणाऱ्याला मोठं डोकं, आखूड नाक, सुरकुत्यांचं तोंड आवडलं. पुढचं सगळं त्या आवडीतून आलं.

सिझेरियन उरकलं म्हणजे सुटलो, असं नाही. श्वासमार्ग अरुंद असल्याने मादी नीट शुद्धीवर येईपर्यंत भूल देताना घशात घातलेली नळी काढायची घाई करता येत नाही. कळा न सोसलेल्या आईला कधी कधी पिल्लं आपली वाटतच नाहीत. ती चाटत नाही, कधी तर गुरगुरते. जवळ घेतलं तरी तिचं बोजड अंग पिल्लावर पडायची भीती. त्यामुळे अनेक ब्रीडर पिल्लं वेगळ्या उबदार पेटीत ठेवतात आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, आईला लावतात. पहिल्या आठवड्यात पेटीत तीसएक अंश सेल्सिअस ऊब हवी. एवढ्याशा पिल्लाला कुडकुडून अंग तापवता येत नाही. पहिल्या दिवशी चीक पोटात गेलाच पाहिजे. पाजून झालं की ओल्या कापसाने पोटाखाली चोळायचं, तेव्हा कुठे लघवी-शी होते. एरवी हे आईची जीभ करते. रोज वजन करायचं. काटा पुढे सरकला नाही तर धोका ओळखायचा.

काही दोष जन्मतःच असतात. टाळू दुभंगलेली असेल तर दूध नाकातून येतं आणि फुप्फुसात उतरतं. काही पिल्लं अंगभर पाणी भरून सुजलेलीच जन्मतात. काहींचे पाय बेडकासारखे बाजूला फाकतात, छाती चपटी होते; त्यांना गुळगुळीत फरशीवर न ठेवता खरखरीत अंथरुणावर ठेवावं लागतं, पाय हलकेच बांधून सरळ करावे लागतात. हे करणाऱ्या ब्रीडरच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण याच चिकाटीमुळे ही घडण टिकून राहते, हेही म्हटलं पाहिजे. जे शरीर निसर्गात एका पिढीत संपलं असतं, त्याला माणूस रात्री जागून पुढच्या पिढीत नेतो.

दुरुस्तीचे प्रयत्न झाले आहेत. बीबीसीच्या याच विषयावरच्या २००८मधल्या माहितीपटानंतर ब्रिटनमध्ये जातींचे निकष बदलले. दोन सिझेरियन झालेल्या मादीची पुढची पिल्लं केनेल क्लब नोंदवत नाही. नॉर्वेत ऑस्लोच्या न्यायालयाने जानेवारी २०२२मध्ये बुलडॉगच्या पैदाशीवर बंदी घातली, पण त्याच वर्षी अपिलात ती उठली. मात्र जातीतल्या जातीत निवड करून किती साधणार? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १०२ बुलडॉग तपासून २०१६मध्ये दाखवलं, की त्यांच्यातली जनुकीय विविधता फारच आटली आहे. बाहेरचं रक्त आणावं म्हटलं की शुद्धतेचे अभिमानी बिथरतात.

भारतात २०१७च्या नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी पुण्या-नागपुरात हौसेने बुलडॉग घेणाऱ्याने वंशावळीचा कागद बाजूला ठेवावा आणि आधी श्वास पाहावा. कुत्रा धापा टाकून अंग निववतो. ज्याला थंडीतही श्वास पुरत नाही, त्याचं एप्रिलमध्ये काय होणार? केंब्रिजच्या पशुवैद्यांची एक तपासणी आहे: कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं आणि आधी-नंतर स्टेथोस्कोप लावून श्वास ऐकायचा. पिल्लाच्या आईबापांची तेवढी तपासणी पशुवैद्याकडून करून मागावी. ब्रीडर टाळाटाळ करू लागला तर पैसे खिशातच ठेवावेत.