खावटी : आषाढाची आणि दप्तराची

खावटी हा शब्द सरकारी दप्तरात शिरला तो फार उशिरा. त्यापूर्वी कित्येक पिढ्या तो डोंगरपट्टीतील सावकाराच्या ओटीवर नांदत होता. ज्येष्ठ सरता सरता कणगीचा तळ दिसू लागावा, बियाण्यासाठी राखून ठेवलेला दाणाही पेरणीबरोबर मातीत गेलेला असावा, आणि हळवे भात आश्विनात हाताशी येईपर्यंतचे तीन महिने, रानातील कंद, भाज्या आणि ओढ्यातील खेकडे यांवर जेवढे निभेल तेवढे निभवून, उरलेल्या भुकेपुरते धान्य सावकाराकडून उसने आणावे, सुगीनंतर ते सवाईने किंवा दिढीने परत घालावे, आणि तेही न जमल्यास त्याच्या शेतावर राबून फेडावे, असा तो शिरस्ता होता. लग्नाच्या कर्जापायी जन्म गहाण टाकणाऱ्या लग्नगड्याची हकीकत गोदावरी परुळेकरांच्या लेखणीमुळे मराठी वाचकांना ठाऊक झाली. मणभर नाचणीपायी दर वर्षी नव्याने पडणारी ही लहानशी बेडी मात्र, तिच्यात नाट्य कमी म्हणूनच की काय, फारशी कोणाच्या नजरेत भरली नाही.

१९७२ साली राज्यात आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, १९७६ च्या कायद्याने आदिवासी भागातील शेतमालाच्या आणि वनोपजाच्या व्यवहारातून सावकार-व्यापाऱ्यास दूर सारण्याचा यत्न झाला, आणि १९७८ पासून सरकारच खावटीचे कर्ज देऊ लागले. सावकाराची जागा सरकारने घ्यावी ही कल्पना उदात्त होती; परंतु पोटात गेलेल्या धान्याची वसुली करावयाची कशातून, या प्रश्नाचे उत्तर सावकारापाशी होते तसे, म्हणजे ऋणकोच्या देहातून, सरकारपाशी असणे शक्यही नव्हते आणि इष्टही नव्हते. थकबाकी साचत गेली आणि योजना पुढे बंद पडली.

ती पुन्हा आठवली २०२० साली. त्या वर्षीच्या २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा ठाणे, पालघर, रायगडमधील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर होती. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन निघावयाचे आणि पावसाच्या तोंडावर हिशेब करून परतावयाचे, हे त्यांचे वर्ष. त्या हिशेबाच्या आधीच भट्टी बंद पडली म्हणजे उचल अंगावर आणि मजुरी अधांतरी, अशी गत व्हावयाची. आठवडे बाजार बंद झाल्याने मोहफुलांना गिऱ्हाईक उरले नाही. केंद्र सरकारने १ मे २०२० रोजी ४९ गौण वनोपजांच्या आधारभूत किमतींत १६ ते ६६ टक्क्यांपर्यंत वाढ जाहीर केली खरी. पण मोह गळतो तो फाल्गुन-चैत्रात, आणि रोजच्या मिठामिरचीसाठी तो विकला जातो तोही तेव्हाच. वाढीव भावाचा हुकूम निघाला तेव्हा ज्याच्यासाठी तो होता त्याच्या टोपलीत फारसे काही उरले नव्हते.

राज्य मंत्रिमंडळाने खावटी योजना पुनरुज्जीवित करण्याचा निर्णय घेतला तो १२ ऑगस्ट २०२० रोजी, म्हणजे श्रावण वद्य पक्षात. तत्संबंधीचा शासन निर्णय निघाला ९ सप्टेंबरला, पितृपंधरवड्यात. या वेळी ती कर्जरूप नव्हती, पूर्णतः अनुदानरूप होती, आणि हा बदल लहान नव्हे. पोटाला घातलेले परत मागावयाचे नाही, हे तत्त्व मान्य व्हावयास ४२ वर्षे लागली. कुटुंबास ४ हजार रुपये, त्यांपैकी निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूप, असा तपशील होता. लाभार्थी कुटुंबे ११ लाख ५५ हजार ठरली : रोजगार हमीच्या कामावर आदल्या वर्षात किमान एक दिवस आलेले ४ लाख मजूर, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या आदिम जमातींची २ लाख २६ हजार कुटुंबे, पारधी समाजाची ६४ हजार, वैयक्तिक वनहक्क मिळालेली १ लाख ६५ हजार, आणि विधवा, परित्यक्ता, भूमिहीन, अपंग अशांची प्रकल्प कार्यालयांनी निवडावयाची ३ लाख. एकूण तरतूद ४८६ कोटी रुपयांची.

आकडा भारदस्त दिसतो. परंतु ४ हजार रुपये वर्षाच्या दिवसांत वाटले तर घरामागे दिवसाला ११ रुपयेही पुरते येत नाहीत, आणि रोजगार हमीच्या त्या वर्षीच्या २३८ रुपयांच्या मजुरीने मोजले तर ती १७ दिवसांचीही कमाई नव्हे. ही तुलना दोष काढण्यासाठी नाही. एवढीशी रक्कमही योग्य दिवशी हाती पडली तर एका घराची उचल टाळू शकते, आणि चुकीच्या दिवशी पडली तर ती केवळ रक्कम उरते; म्हणूनच इथे रुपयांहून तिथीचा विचार अधिक करावा लागतो.

आणि तिथीचा हिशेब असा. निर्णय श्रावणात, आदेश भाद्रपदात. पुढे अधिक आश्विन आला, म्हणजे पंचांगाने सरकारी यंत्रणेस एक महिना वाढवूनही दिला. परंतु याद्या करणे, बँकेची खाती जुळविणे, आणि वस्तू घ्यावयाच्या म्हटल्यावर अपरिहार्यपणे येणारी खरेदीची प्रक्रिया, यांत हळवे भात झाले, गरवे झाले, कुटुंबे नव्या उचलीवर पुन्हा भट्टीला गेली. १३ एप्रिल २०२१ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या रात्री, दुसऱ्या लाटेचे निर्बंध जाहीर करताना मुख्यमंत्र्यांनी जे ५,४७६ कोटींचे साहाय्य घोषित केले, त्यात सुमारे १२ लाख आदिवासी कुटुंबांचे दोन-दोन हजार पुन्हा नव्याने उच्चारले गेले. वस्तूंचे वाटप तर २०२१ च्या पावसाळ्यापर्यंत लांबले. मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, उडदाची आणि तुरीची डाळ, साखर, शेंगदाण्याचे तेल, मिरचीपूड, गरम मसाला, मीठ, चहापत्ती असा तो संच होता. नाचणी-वरईच्या मुलखात गरम मसाल्याची पुडी कोणाच्या बुद्धीने गेली असेल, हे कुतूहल प्रस्तुत लेखकास आहे. तेलाविषयी आणि डाळींविषयी मात्र तक्रार करू नये.

दिरंगाई ही आपलीच मिरास आहे असे मात्र समजू नये. अमेरिकेच्या काँग्रेसने २७ मार्च २०२० रोजी संमत केलेल्या कायद्यात तेथील मूळनिवासी जमातींच्या शासनांसाठी ८ अब्ज डॉलर राखून ठेवले आणि ते ३० दिवसांत द्यावेत अशी मुदतही घातली. मुदत टळली; वाटप सुरू झाले मे महिन्यात, आणि तेही खटल्यांच्या छायेत. वाटणीसाठी जमातींची खरी सभासदसंख्या न घेता गृहनिर्माण खात्याच्या एका जुन्या अनुदानासाठी तयार केलेले लोकसंख्येचे कोष्टक वापरले गेले, आणि त्या कोष्टकात तीन हजारांहून अधिक सभासद असलेल्या शॉनी जमातीची लोकसंख्या शून्य होती! तिला किमान रक्कम, १ लाख डॉलर, देऊन वाटे लावण्यात आले. तिने न्यायालयात दाद मागितली. नव्हाहो राष्ट्रात, जिथे सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या घरांत नळाचे पाणी नाही आणि जिथे त्या मे महिन्यात दरडोई संसर्ग न्यूयॉर्कलाही मागे टाकून गेला, पैसा आला तो वर्षाअखेर खर्च करण्याच्या अटीवर. वाळवंटातून जलवाहिनी टाकण्याचे काम डिसेंबरच्या तारखेस बांधून कसे व्हावे? ती मुदत पुढे वर्षाने वाढवावी लागली. २०२१ च्या २० अब्जांच्या दुसऱ्या साहाय्याच्या वेळी मात्र सभासदसंख्येची माहिती जमातींकडूनच मागविण्यात आली.

तथापि एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे पैसा, उशिरा का होईना, जमातीच्या शासनाच्या हाती गेला, आणि जलवाहिनी टाकावी की धान्य वाटावे हे, कायद्याच्या चौकटीत, त्या शासनाने ठरविले. आपल्याकडे तो कुटुंबाच्या खात्यावर आणि पिशवीत गेला. पिशवीत काय घालावे हे मात्र पाड्यावर ठरले नाही. वास्तविक तसे पात्र आपल्या घरी नव्हते असे नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभा मान्य झालेली आहे, आणि २०१५ पासून महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के अबंध रक्कम त्या गावांना थेट देण्याची व्यवस्थाही आहे. गडचिरोली जिल्ह्यात ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले, आणि मेंढा-लेखासारख्या गावी ते २००९ सालीच मिळाले, त्यांतील काहींनी टाळेबंदीच्या दिवसांत बांबू आणि तेंदूपानाच्या विक्रीतून साठलेल्या आपल्या निधीतून गरजू घरांना आधार दिला. कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे सांगावयास तेथे यादी करावी लागली नाही. आणि श्रावणात ठरलेले श्रावणातच देण्यास खरेदीचा कोणताही दरपत्रक-सोपस्कार आड येण्याचे कारण नव्हते.