पीक पाहणीची नोंद वाटेत अडते तेव्हा

शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपणच करावी, या हेतूने महसूल व कृषी विभागांचा ई-पीक पाहणी प्रकल्प १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर राबविण्यात येऊ लागला. शेतात उभे राहून घेतलेले पिकाचे छायाचित्र अक्षांश-रेखांशांसह मोबाईलमधून सर्व्हरकडे जाते व गाव नमुना १२ मधील नोंदीस आधार मिळतो. नुकसानभरपाई, पीककर्ज वा शासकीय खरेदीच्या वेळी हीच नोंद उपयोगी पडते. म्हणूनच माहिती पोहोचली नाही असा संदेश दिसताच शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

मात्र असा संदेश आला म्हणजे नोंद नष्ट झाली, असे नव्हे. छायाचित्र सर्व्हरकडे एकसंध जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात आणि ते मिळाल्याची पोच सर्व्हर देत असतो. पोच न आलेले तुकडे पुन्हा पाठविले जातात. ठराविक वेळेत पोच मिळालीच नाही, तर मोबाईल तो प्रयत्न थांबवितो.

दोष मोबाईलमध्ये, वाटेत किंवा सर्व्हरवर असू शकतो. त्याच क्रमाने शोध घ्यावा. मोबाईलमधील तारीख चुकीची असल्यास सर्व्हरचे ओळखपत्र मुदतबाह्य ठरून सुरक्षित जोडणी होत नाही. अॅपची आवृत्ती जुनी नाही, हेही पाहावे. त्यानंतर एखादे अन्य संकेतस्थळ उघडून पाहावे. ते न उघडल्यास अडचण बहुधा नेटवर्कची असते. अक्षांश-रेखांश उपग्रहांच्या संकेतांवरून मिळतात, त्यांना मोबाईलचे नेटवर्क लागत नाही. त्यामुळे शिवारात छायाचित्र निघाले, तरी ते तेथूनच पाठविता येईल असे नाही. अशा वेळी माहिती मोबाईलमध्ये साठवून, नेटवर्क मिळताच पाठविण्याची सोय अॅपमध्ये ठेवण्यात आली आहे. अन्य संकेतस्थळे उघडत असतील, तर सर्व्हरवर ताण असण्याचा संभव आहे. मुदतीच्या अखेरच्या दिवसांत गर्दी वाढते. तेव्हा पहाटे किंवा रात्री पुन्हा प्रयत्न करावा.

एक चूक मात्र कटाक्षाने टाळावी. वैतागून अॅप काढून टाकल्यास त्यात साठवलेली, न पाठविलेली माहितीही पुसली जाते आणि पुन्हा शेत गाठावे लागते. माहिती पोहोचल्यावर नोंद दिसते किंवा नाही, याची खात्री करावी. तरीही अडचण राहिल्यास मुदत संपण्यापूर्वीच ग्राम महसूल अधिकाऱ्यांशी संपर्क साधणे शेतकऱ्यांच्या हिताचे ठरेल.