वन्संचा रेडिओ

कणकेत हात असले की रेडिओवर लागेल ते गाणं ऐकावं लागतं. स्टेशन बदलायचं कुणी? पण लागेल ते गाणं आधी कुणीतरी ठरवलेलं असतं, हे मला कळलं ते माझ्या वन्संमुळे.

वन्सं १९८६ मध्ये लग्न होऊन अमेरिकेला गेल्या. इंग्रजी बेताचंच. एका विम्याच्या ऑफिसात हिशेबाचं काम मिळालं, तिथे दिवसभर मंद आवाजात रेडिओ चालू असे. कार्पेंटर्स, बॅरी मॅनिलो... आधी नुसत्या चाली कानावर पडल्या, मग शब्द कळायला लागले. ‘माझी इंग्रजीची शाळा तीच गं,’ असं त्या म्हणतात.

अशा स्टेशनांना तिकडे ‘अ‍ॅडल्ट कंटेम्पररी’ म्हणतात. म्हणजे धांगडधिंगा नाही, थोडी नवी गाणी, थोडी जुनी, ऑफिसात कुणाला त्रास नको. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने १९६१ पासून या गाण्यांची वेगळी यादी छापायला सुरुवात केली. आणि मैत्रिणींनो, ही स्टेशनं डोळ्यांसमोर कुणाला ठेवतात माहितेय? २५ ते ५४ वर्षांच्या बाईला! घरातली खरेदी तीच करते, म्हणून जाहिरातदारांना ती हवी असते.

तिला धरून ठेवायचं तर तासाचा चक्क आराखडा आखतात. घड्याळासारखं एक वर्तुळ काढायचं आणि त्यात नव्या गाण्याची जागा कुठे, दहा-वीस वर्षांपूर्वीच्या गाण्याची कुठे, हे ठरवायचं. नवं गाणं आलं की त्याच्या मागे-पुढे ओळखीचं गाणं हवंच. भाजीत नवा मसाला घालताना आपण चिमूटभरच घालतो ना, तसं! शिवाय श्रोत्यांना गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवून विचारतात, आवडतं का, की आता कंटाळा आला? कंटाळा आला म्हणणारे वाढले की गाणं बाद. उरतात ती काहीशे गाणी, तीच आलटून पालटून. मला तर यात सगळा शिळाच स्वयंपाक दिसतो, पण लोक ऐकतात खरं.

गोम पुढेच आहे. ती बाई कायम २५ ते ५४ वर्षांचीच राहते, ऐकणारी मात्र म्हातारी होते. वन्संना पंचावन्नावं लागलं, तोवर त्यांची सत्तरच्या दशकातली गाणी एकेक करून निघून गेली होती. कुणी सांगितलं नाही की विचारलं नाही. ‘मी हिशेबातून गेले बघ,’ त्या फोनवर हसत म्हणाल्या. हसल्या, पण मला ते हसू बरं वाटलं नाही. मुलाने मोबाइलवर सगळी गाणी घालून दिली आहेत. तरी आपण लावलेलं आणि अवचित लागलेलं, यातला फरक त्यांना जाणवतोच.

आपल्याकडे १९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीने याची वेगळी सोय केली. एकाच तासात जुनं-नवं कालवण्याऐवजी वेळाच वाटून दिल्या. सकाळी ‘भुले बिसरे गीत’मध्ये जुनी गाणी, ‘चित्रलोक’मध्ये नव्या सिनेमांची. सासूबाईंची वेळ सासूबाईंना, पोरांची पोरांना. पुढे खासगी एफएम आलं, २००६ नंतर आपल्या कोल्हापूर-नाशिकसारख्या शहरांतही पोहोचलं, आणि नव्या गाण्यांचा मारा सुरू झाला. तेव्हा आमच्या घरी रेडिओच्या बटणावरून रोज वाद व्हायचे!

गेल्या दिवाळीत वन्सं आल्या होत्या. सकाळी मी चकल्या तळत होते, त्या सोऱ्या फिरवत होत्या. निवेदिकेने गाण्याच्या आधी सिनेमाचं, संगीतकाराचं नाव सांगितलं आणि त्यांचा हात थांबला.

‘अगं, आईचं गाणं! अजून लावतात हे?’

गाणं संपेपर्यंत सोऱ्या तसाच हातात होता. मी गॅस बारीक केला.