सॉरी, पण नेमकं कोणतं?

इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात एका फोटोखाली मी भलत्याच मुलीचं नाव टाकलं. तिला इंग्रजीतून मेल करायचा होता. मी लिहिलं, 'वी रिग्रेट द एरर'. डेस्कवरच्या मॅडम म्हणाल्या, "चूक तुझी, मग हे 'वी' कोण? आणि रिग्रेट काय, रेल्वेची अनाउन्समेंट आहे का?"

मग डिक्शनरी उघडली. 'रिग्रेट' जुन्या फ्रेंचमधून आला; तिथे त्याचा अर्थ गेलेल्या माणसासाठी शोक करणं. म्हणजे झालं ते वाईट झालं, पण कुणामुळे, ते गुलदस्त्यात! 'अपॉलॉजी' तर आणखी भारी. ग्रीक 'अपोलोगिया' म्हणजे बचावाचं भाषण. प्लेटोच्या 'अपॉलॉजी'त सॉक्रेटिस माफी मागतच नाही, कोर्टात स्वतःची बाजू मांडतो. आज मात्र 'आय अपॉलॉजाइज' म्हटलं की चूक कबूल. त्यामुळे कुणाच्या घरी दुःखद प्रसंगी 'आय ॲम सॉरी' चालतं. 'आय अपॉलॉजाइज' म्हणालात तर लोक संशयानेच बघतील.

आणि आपलं उठता-बसता तोंडात येणारं 'सॉरी'? ते 'सॉरो'चं भावंड वाटतं, पण नाही. त्याचं रक्ताचं नातं 'सोअर'शी, म्हणजे दुखण्याशी, जखमेशी. (आपल्या 'दिलगीर'मध्येही फारसीतलं 'दिल' आहेच की.)

मी मेल पुन्हा लिहिला. 'आय ॲम सॉरी. इट वॉज माय मिस्टेक.' दहा मिनिटांत तिचं उत्तर आलं : 'इट्स ओके. पण माझं आडनाव अजूनही चुकलंय.'