प्लास्टिकचे तेल आणि रत्नागिरीचा किनारा

सह्याद्रीचा माथा आणि समुद्र यांमधील अंतर जेथे एका मोठ्या पावसाचे पाणी अल्पकाळात तोडून जाते, त्या रत्नागिरीच्या मुलखात गावाबाहेर टाकलेली पिशवी गावाबाहेर स्थिर राहत नाही; पऱ्यातून काजळी नदीत आणि भाट्याच्या खाडीतून ती समुद्रास मिळते, व भरतीबरोबर मांडवीच्या वाळूवर परतते. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्र सरकारने पिशव्यांवर बंदी घातली खरी, परंतु वेफर्सची पाकिटे, दुधाच्या पिशव्या आणि मिरकरवाडा बंदरातील तुटकी जाळी यांचा बंदोबस्त केवळ हुकुमाने व्हावयाचा नव्हता. ज्याचा पुन्हा माल होत नाही अशा प्लास्टिकचा उपयोग रस्ते, ऊर्जा अथवा तेल यांकरिता व्हावा, असे २०१६ चे केंद्रीय नियम सांगतात, आणि कचऱ्याच्या व्यवस्थेची जबाबदारी ते ग्रामपंचायतींवरही टाकतात.

या तेलाची विद्या गूढ नाही. मूळ प्लास्टिक खनिज तेलातूनच निर्माण झालेले असल्यामुळे, बंद भट्टीत प्राणवायूचा शिरकाव होऊ न देता ते सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले असता त्याच्या दीर्घ रेणुशृंखला तुटतात. निघणारी वाफ थंड केली की तेल मिळते, न गोठणारा वायू भट्टीच्याच जळणास उपयोगी पडतो आणि तळाशी काजळी उरते. या शतकाच्या आरंभी नागपूरच्या रायसोनी अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापिका अलका झाडगावकर यांनी याच दिशेने प्रयोग करून बुटीबोरीच्या कारखान्यापर्यंत मजल मारली. पुढे पुण्याच्या मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरपासून आरंभ करून जेजुरीस संयंत्र उभारले, आणि घराघरांतून प्लास्टिक वेगळे जमा करण्याची शिस्त लोकांस लावली. हे दुसरे कार्य मला पहिल्याहून अधिक मोलाचे वाटते. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत २०१९ साली सुरू झालेल्या संयंत्रानेही एक टन प्लास्टिकपासून ८०० लिटर डिझेलचे उद्दिष्ट ठेवले होते.

परंतु भट्टी सारेच प्लास्टिक एकसारखे स्वीकारत नाही. पिशव्यांचे पॉलिथिन, दोरांचे पॉलिप्रॉपिलीन व थर्माकोल यांचे तेल चांगले उतरते. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असल्याने त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल निघून यंत्राचे लोखंड खाऊन टाकते. पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी तेल थोडे देते आणि घट्ट साका करून नळ्या बुजविते. रत्नागिरीची खरी अडचण याहून निराळी आहे. येथील मासेमारीच्या जाळ्यांत नायलॉन पुष्कळ असते, त्याचा नायट्रोजन तेलात उतरतो, आणि ते तेल इंजिनात जाळले तर हवा दूषित करणारे वायू वाढतात. उलट नायलॉन-६ चे मूळ द्रव्य कॅप्रोलॅक्टम परत मिळवून पुन्हा धागा काढण्याचे काम स्लोव्हेनियातील ल्युब्ल्याना येथे कारखान्याच्या प्रमाणावर चालते. सागरी वाळू, मीठ आणि ओल यांनी भरलेले जाळे कुठल्याही मार्गाने न्यावयाचे झाले तरी आधी धुवावे व वाळवावे लागते, ज्याचा खर्च जमाखर्चात क्वचितच धरला जातो.

शिवाय तेल ही कचऱ्याची मुक्ती नव्हे. पॉलिथिनच्या वजनात सुमारे ८६ टक्के कार्बन असतो, आणि तेल जाळताच तो हवेत जातो. म्हणून जे पुन्हा वितळवून वापरता येते ते भट्टीत घालणे हा अपव्ययच आहे. बहुस्तरीय पाकिटांसारखा जो माल भंगारवालाही घेत नाही, तोच या विद्येचा खरा कच्चा माल होय. त्यातही ॲल्युमिनियमचा थर असलेला माल निराळा ठेवलेला बरा.

मासेमारी बंदीच्या १ जून ते ३१ जुलै या मुदतीत होड्या किनाऱ्यास लागलेल्या असतात आणि जाळी दुरुस्त होत असतात. मिरकरवाडा व राजिवडा येथील मच्छीमार सहकारी संस्थांनी याच दोन महिन्यांत कापलेले नायलॉन एका पोत्यात, दोर दुसऱ्या पोत्यात आणि इतर प्लास्टिक तिसऱ्यात ठेवण्याची तजवीज करावी, आणि नगर परिषदेने ती पोती बंदरावरूनच उचलावीत, एवढी विनंती आहे. भट्टीच्या खरेदीचा ठराव त्यानंतर मांडला तरी चालेल.