उद्यासाठी राखलेला घोडा

तिसऱ्या दिवशी सकाळी घोडा पंचांसमोर येतो तो खोगिराशिवाय. खरारा करून अंग चकचकीत केलेलं असतं, आयाळीच्या बारीक वेण्या घातलेल्या असतात, तोंडात लगाम असतो. स्वार त्याच्या डाव्या खांद्याशी पायी चालतो. कडक जमिनीच्या एका पट्ट्यावर घोडा आधी चालत आणि मग दुडक्या चालीनं जातो, टोकाला वळून परत येतो. दुडकीत पायांचे ठोके दोन-दोनच्या जोडीनं पडतात. एखादा पाय तो राखून टाकत असेल तर डोकं किंचित वर-खाली होतं, आणि जाणत्या कानाला ठोक्यांच्या वजनातला फरकही ऐकू येतो. पशुवैद्य आणि पंच तेवढ्यावर निर्णय देतात: घोडा मंजूर किंवा नामंजूर. नामंजूर झाला तर आदल्या संध्याकाळी तो पहिल्या क्रमांकावर होता याला काही अर्थ उरत नाही.

या खेळाचं नाव इव्हेंटिंग. एकच स्वार, एकच घोडा आणि तीन परीक्षा. पहिली ड्रेसाज, म्हणजे आखलेल्या रिंगणात ठरलेल्या चालींचं शिस्तबद्ध प्रदर्शन. दुसरी क्रॉसकंट्री, म्हणजे माळ, चढ-उतार, पाणी आणि ओंडके पार करत भरधाव दौड. तिसरी शो जंपिंग, म्हणजे जराशा धक्क्यानं पडणाऱ्या दांड्यांवरून उड्या. बघणाऱ्यांची गर्दी दुसऱ्या दिवशी होते. पण सगळा खेळ रचलाय तो तिसऱ्या दिवसासाठी. काल एवढं पळवलेल्या घोड्यात आज किती घोडा शिल्लक आहे, हा त्याचा मूळ प्रश्न.

प्रश्न लष्करी आहे. १९१२मध्ये स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला तेव्हा तो सेवेतल्या लष्करी अधिकाऱ्यांपुरता होता. अधिकाऱ्याच्या घोड्यानं संचलनात स्थिर उभं राहावं, निरोप पोचवायला वाटेल त्या मुलखातून धावावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला हजर असावं, ही अपेक्षा. लंगडा घोडा घेऊन मुक्कामाला पोचलेला स्वार सैन्याला परवडत नाही. पुढे घोडदळं मोडीत निघाली, पण खेळ टिकला. १९५२मध्ये नागरिकांना आणि १९६४मध्ये स्त्रियांना त्यात प्रवेश मिळाला. इथे स्त्री-पुरुषांचे वेगळे गट नाहीत. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीची युलिया क्राएव्हस्की या खेळातलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारी पहिली स्त्री ठरली.

हिशेब सगळा दंडगुणांचा. ड्रेसाजमध्ये पंच प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतात. त्यांची टक्केवारी काढून शंभरातून वजा केली की उरतो तो दंड. तिथून पुढे तो फक्त वाढू शकतो. क्रॉसकंट्रीत घोडा अडथळ्यापाशी अडला की २०, ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला की सेकंदाला ०.४. शो जंपिंगमध्ये दांडी पडली की ४. म्हणजे माळावरच्या दहा सेकंदांची किंमत बरोबर एका दांडीएवढी. चढावर घोड्याला दम खाऊ द्यावा तर दहा सेकंद जातात, न द्यावा तर उद्या थकलेल्या पायांनी दांडी पडेल. हा सौदा स्वाराला पळत्या घोड्यावर, मनगटातल्या घड्याळाकडे बघत करावा लागतो.

आता घोडा घडवण्याबद्दल. ड्रेसाजच्या तालमीच्या जर्मन परंपरेत सहा पायऱ्या मानतात: लय, सैलपणा, लगामाशी संपर्क, जोम, सरळपणा आणि शेवटी अंग एकवटणं. क्रम महत्त्वाचा, कारण ताठरलेल्या घोड्याकडून ओढूनताणून घेतलेली डौलदार मान पंचांच्या नजरेतून सुटत नाही. स्वाराची हत्यारं तीन: बैठक, पाय आणि हात. क्षणभर पाठ ताठ करून पायांनी पुढे लोटायचं, बोटं मिटायची आणि लगेच सैल सोडायची, म्हणजे घोडा मागच्या पायांवर वजन घेतो आणि पुढच्या हुकमासाठी तयार होतो. बाहेरून बघणाऱ्याला काहीच घडलेलं दिसत नाही, आणि दिसू नये अशीच अपेक्षा असते. क्रॉसकंट्रीसाठी दमसास वाढवलेल्या घोड्याच्या बाबतीत यातली सर्वांत अवघड गोष्ट असते निवांत, लांब पावलांची चाल. अंगात रग मावत नसलेल्या जनावराला संथ चालायला सांगायचं असतं.

दमसासाची तालीमही बेतानं करावी लागते. काही मिनिटं दौड, मग चाल, पुन्हा दौड, आणि मधले दिवस चढावर किंवा रस्त्यावर नुसती रपेट. विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारं घोड्याचं हृदय भरधाव दौडीत दोनशेच्या वर जातं. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही आणि चौखूर धावताना त्याचा श्वास पावलांशी बांधलेला असतो: एका झेपेला एक श्वास. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडं आणि कंडरा कणखर व्हायला महिनोन्महिने लागतात. फसगत होते ती इथे. घोडा दमत नाही म्हणून स्वार वेग वाढवतो, आणि गुडघ्याखाली, जिथे स्नायू नसून निव्वळ कंडरा आणि हाड आहे तिथे, दुखापत आकार घेत असते. म्हणूनच मोतद्दाराचा हात रोज चारही पायांवरून फिरतो. कालच्यापेक्षा जरा कोमट लागलेली कंडरा त्याला वेळेत सापडली तर पुढचे सहा महिने वाचतात.

क्रॉसकंट्रीचा मार्ग स्वार आधी तीन-चारदा पायी फिरून पाहतो, पावलांनी अंतरं मोजतो. घोडा मात्र तो स्पर्धेच्या क्षणीच पहिल्यांदा पाहतो. त्याच्या नाकासमोरचा जवळचा भाग त्याला दिसत नाही, त्यामुळे शेवटच्या पावलाला अडथळा नजरेआड जातो आणि उडी आठवणीवर आणि भरवशावर पडते. म्हणून कोवळ्या घोड्याला आधी वीतभर चर, उथळ पाणी, बुटके ओंडके दाखवतात, पुढे एखादा जुना, थंड डोक्याचा घोडा घालून. दोन अडथळ्यांतली अंतरं बदलत ठेवून पाय कुठे टाकायचे हे त्याचं त्यालाच सोडवू देतात. रिंगणात नखभर हुकूम पाळणाऱ्या या घोड्याला, स्वाराचा अंदाज चुकला तर माळावर स्वतःचं डोकं चालवता आलं पाहिजे.

भारतात या खेळात उतरलेले बरेच घोडे रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड जातीचे असतात. त्यांना आधी जुनं शिकलेलं विसरावं लागतं. शर्यतीत जॉकीनं लगामावर भार घेतला की घोडा त्यावर रेलून आणखी जोर लावतो. इथे त्याच स्पर्शाचा अर्थ सावर, ऐक, असा होतो. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत लष्कराच्या ६१ कॅव्हलरी रेजिमेंटच्या रघुबीर सिंहांनी वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, सांघिक सुवर्णही भारतालाच मिळालं. त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी २०१८ उजाडावं लागलं. जकार्तात बेंगळुरूच्या फवाद मिर्झांनी रौप्य मिळवलं, घोडा सिन्यॉर मेडिकॉट. निव्वळ ड्रेसाजची वेगळी स्पर्धाही असते; तिच्यात २०२३च्या हांगझाऊ आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता.

टोकियोत मिर्झांचा हा कुमाईत घोडा पंधरा वर्षांचा होता. ड्रेसाजमध्ये २८ दंडगुण, म्हणजे उत्तम सुरुवात. क्रॉसकंट्रीत एकही अडथळा चुकला नाही, वेळेपायी ११.२० वाढले, म्हणजे २८ सेकंदांचा उशीर. शेवटच्या दिवशी पहिल्या फेरीत दोन दांड्या पडल्या, तरी पहिल्या पंचविसांत राहून अंतिम फेरी मिळाली. तिथे आणखी १२.४० वाढले आणि एकूण ५९.६० वर तेविसावं स्थान आलं. २००० साली सिडनीत मुंबईचे इम्तियाज अनीसही तेविसावेच आले होते.

टोकियोच्या त्याच क्रॉसकंट्रीत रॉबिन गोडेल या स्विस स्वाराच्या जेट सेट या घोड्याच्या पायाला मोठी दुखापत झाली आणि त्याला दयामरण द्यावं लागलं. अशा घटनांनंतर या खेळाला जाब विचारला जातो, आणि तो रास्त आहे. पक्क्या अडथळ्याला घोड्याचे पाय अडकून तो स्वारासकट कोलमडू नये म्हणून आता अनेक अडथळ्यांना जोराचा धक्का बसताच सुटणाऱ्या खुंट्या असतात. खुंटी सुटली की ११ दंडगुण. टोकियोत त्यापायी मिखाएल युंग या दिग्गजाचं पदक हुकलं. दौड संपताच घोड्यावर गार पाण्याचा मारा करतात. त्यानं स्नायू आखडतात ही जुनी समजूत १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकआधीच्या अभ्यासांनी मोडीत काढली.

भारताची अडचण मात्र वेगळीच राहिली. इथले घोडे रोगप्रतिबंधक नियमांमुळे युरोपात सहजी नेता येत नाहीत, म्हणून पदकाची आस धरणाऱ्याला तिकडेच राहावं लागतं आणि घोडाही तिकडचाच लागतो. मेरठच्या लष्करी केंद्रात घोड्यांसाठी रोगमुक्त क्षेत्र तयार झालं आणि २०२५मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. यानं वाट थोडी मोकळी होईल. पण घोडा राखण्याचा हिशेब इथेही चुकत नाही. चौथ्या वर्षी खोगीर चढलेला घोडा ऑलिंपिकच्या तोडीचा व्हायला आणखी सात-आठ वर्षं जातात. २०३६च्या ऑलिंपिकमध्ये भारतात घडलेला घोडा उतरवायचा असेल, तर त्याचा जन्म होऊन गेलेला असला पाहिजे, आणि त्याला कोणत्या वयात किती पळवायचं हे ठरवणारा माणूस आजच त्याच्या थानावर हवा.