नकाशा, घड्याळ आणि मंडी मोहल्ला

१ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे मैसूरू झालेल्या, पण मराठी माणसाच्या तोंडी म्हैसूरच राहिलेल्या शहरात एका हमरस्त्याचे नाव सय्याजीराव रस्ता असे आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे हे नाव पाहून बदलीवर आलेल्या मराठी नोकरदाराला पहिल्याच दिवशी परकेपणा थोडा कमी वाटतो. दसऱ्याची जंबू सवारी याच रस्त्याने राजवाड्याकडून बन्नीमंटपाकडे जाते. हा रस्ता आणि अशोका रोड यांच्या आसपास पसरलेली जुनी, दाट वस्ती म्हणजे मंडी मोहल्ला. येथील रस्त्यांना अकबर, पुलिकेशी, कबीर अशी नावे आहेत. सारा इतिहास एका मोहल्ल्यात वस्तीला यावा, तशी! दुकाने, गोदामे, शाळा, मशिदी, घरे आणि त्यांच्यामधून वळत जाणाऱ्या गल्ल्या यांच्या या गर्दीत एका अरण्यातील खेळाचा सराव करता येईल असे सांगितले, तर वाचकांना ते चमत्कारिक वाटेल. तथापि, आठवड्याचे पाच-सहा दिवस कचेरीला बांधलेल्या माणसासाठी ही जागा अरण्याइतकीच उपयोगाची आहे.

तो खेळ म्हणजे ओरिएंटियरिंग. हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचे, नकाशावर वर्तुळांनी दाखविलेली ठिकाणे ठरलेल्या क्रमाने गाठायची आणि सर्वांत कमी वेळात परतायचे, एवढाच त्याचा नियम. प्रत्येक ठिकाणी तीस सेंटिमीटर चौरसाचे पांढरे-नारिंगी निशाण असते. त्याला कंट्रोल म्हणतात. एका कंट्रोलपासून दुसऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने जायचे हे स्पर्धकाने स्वतः ठरवायचे असते. या खेळाचे मूळ स्वीडन व नॉर्वे या देशांच्या लष्करी शिक्षणात आहे. सर्वसामान्यांसाठीची पहिली स्पर्धा ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेत झाली, तर स्वीडनच्या अर्न्स्ट किलांडर यांनी १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ स्पर्धा भरवून खेळाला आजचे रूप दिले. आंतरराष्ट्रीय महासंघ १९६१ मध्ये कोपनहेगन येथे स्थापन झाला आणि पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६६ मध्ये फिनलंडमध्ये पार पडली. आपल्याकडे हा खेळ अद्याप फारसा परिचित नसला, तरी एनसीसीत नकाशावाचन शिकलेल्यांना त्याची चव थोडीबहुत ठाऊक असते.

नोकरी करणाऱ्याची पहिली तक्रार वेळेची. सकाळी डबा, मुलांची शाळा आणि रस्त्यावरील रहदारी, संध्याकाळी दिवसाचा हिशेब जुळेपर्यंत खुर्ची सुटत नाही. धावण्यासाठी रोज दीड तास कोठून आणायचा? ही तक्रार खरी आहे. पण तिच्यामागे असलेले गृहीतक तपासून पाहावे लागते. समजा, एखादा स्पर्धक एक किलोमीटर सहा मिनिटांत धावतो. अनेक महिने घाम गाळून त्याने हा वेग साडेपाच मिनिटांवर आणला. पाच किलोमीटरच्या स्पर्धेत त्याची अडीच मिनिटे वाचतील. उलट, एका कंट्रोलजवळ चुकीच्या ओढ्यात शिरून शोधाशोध केली, तर तीन-चार मिनिटे सहज जातात. आणि नवशिक्याच्या हातून अशा चुका एका धावेत दोन-तीनदा होतात. जमाखर्च मांडून पाहिला, की मोठी गळती पायांत नसून डोक्यात आहे हे ध्यानात येते. डोक्याचा सराव पंधरा मिनिटांत, खुर्चीत बसून, कधी बसच्या रांगेतही करता येतो. वेळेची टंचाई असलेल्या माणसाला या खेळाने दिलेली ही मोठीच सवलत होय.

दिशेविषयीचा फाजील आत्मविश्वास माणसाला कोठे नेतो, याचे उदाहरण म्हैसूरच्या शेजारीच घडले आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्याच्या वेळी जनरल बेअर्ड यांची तुकडी रात्रीच्या अंधारात कूच करीत होती. सोबतच्या विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने आकाशातील तारे पाहिले आणि तुकडी उत्तरेऐवजी दक्षिणेला, म्हणजे थेट टिपू सुलतानाच्या छावणीकडे चालली आहे, असे सांगितले. ताऱ्यांना विचारल्यावाचून आपल्याला वाट कळते, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. पुढे उजेडात होकायंत्र पाहिले तेव्हा लॅम्बटन बरोबर ठरला. श्रीरंगपट्टण पडल्यावर कॉलिन मॅकेन्झीने म्हैसूर राज्याचे सर्वेक्षण हाती घेतले, आणि लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. आपल्या नकाशांची ही परंपरा अशी म्हैसूरच्या परिसरातूनच निघाली आहे.

शाळेत पाहिलेला भारतीय सर्वेक्षण खात्याचा स्थलनिर्देशक नकाशा आणि ओरिएंटियरिंगचा नकाशा यांत मात्र बराच फरक असतो. पहिल्याचे नेहमीचे प्रमाण १ : ५०,०००, म्हणजे कागदावरील एक सेंटिमीटर हे जमिनीवरील पाचशे मीटर. अरण्यातील लांब पल्ल्याच्या स्पर्धेचा नकाशा १ : १५,००० प्रमाणाचा असतो, तेथे एक सेंटिमीटर म्हणजे दीडशे मीटर. शहरात किंवा बागांमध्ये होणाऱ्या स्प्रिंट प्रकारात प्रमाण १ : ४,००० इतके मोठे असते आणि एका सेंटिमीटरात केवळ चाळीस मीटर येतात. रंगांची भाषाही निराळी. येथे पांढरा रंग मोकळ्या मैदानाचा नसून सहज धावता येण्याजोग्या झाडीचा, पिवळा मोकळ्या जमिनीचा, हिरवा दाट झुडपांचा; तपकिरी समोच्च रेषांचा आणि निळा पाण्याचा. ही भाषा अंगवळणी पडावी लागते आणि त्यासाठी पळण्याची गरज नसते.

दुपारच्या सुट्टीत डबा संपल्यावर उरणारी दहा मिनिटे याच कामाची. जुन्या स्पर्धेचा एखादा नकाशा घ्यावा. पहिल्या कंट्रोलपासून दुसऱ्यापर्यंतचा टप्पा दहा सेकंद पाहावा, नकाशा पालथा ठेवावा आणि कोऱ्या कागदावर तो टप्पा आठवून काढावा. पहिल्या आठवड्यात कागदावर जवळजवळ काहीच उमटत नाही. हळूहळू डोळा निवडायला शिकतो: कंट्रोलच्या अलीकडे ओळखू येण्याजोगी खूण कोणती, चुकून पुढे गेलो तर आडवी येणारी भिंत, रस्ता वा ओढा कोणता, आणि मधल्या साऱ्या तपशिलापैकी काय सोडून दिले तरी चालेल. बँकेच्या खिडकीवर धनादेशाची सही नमुना सहीशी ताडून पाहणारा अनुभवी कर्मचारी प्रत्येक अक्षर तपासत बसत नाही. कोठे पाहायचे हे त्याच्या नजरेला ठाऊक असते. नकाशा आणि जमीन ताडून पाहणे हे त्याच जातीचे कौशल्य आहे.

खरा सराव सकाळचा. दुकानांची दारे उघडण्यापूर्वी, साधारण सहा ते पावणेसातच्या दरम्यान, मंडी मोहल्ल्यातील गल्ल्या मोकळ्या असतात. प्लेगच्या साथीनंतर १९०३ मध्ये म्हैसुरात नगर सुधारणेसाठी विश्वस्त मंडळ स्थापन झाले. शहराच्या नियोजनात रुंद रस्ते आले आणि घरांमागे सफाईच्या गल्ल्याही आल्या. जुन्या दाट वस्तीची वळणे आणि आखीव रस्त्यांचे चौक असे दोन्ही नमुने त्यामुळे या शहरात थोड्या अंतरावर भेटतात. ओरिएंटियरिंगच्या दृष्टीने ही पर्वणीच म्हणावी लागेल. दर पन्नास-साठ मीटरवर फाटा आला, की दर पंधरा-वीस सेकंदांनी निर्णय घ्यावा लागतो. अरण्यात तासाभरात जेवढे निर्णय वाट्याला येतात, तेवढे येथे पंचवीस मिनिटांत येतात. नकाशा घडी करून आपण असू तेथे अंगठा ठेवायचा, प्रत्येक वळणावर नकाशा फिरवून उत्तरेशी जुळवायचा आणि अंगठा पुढे सरकवायचा, ही सवय येथेच लागते. सेंट फिलोमिना चर्चचे उंच जुळे मनोरे परिसरातून अधूनमधून डोकावतात. दिशा ताडून पाहण्यास ते बरे. परंतु त्यांच्यावर विसंबून धावणारा अंगठा हलवायला विसरतो आणि मग मनोरे दिसेनासे होताच वाट हरवतो.

पावले मोजण्याचा सरावही येथेच होतो. सरळ रस्त्यावर शंभर मीटर मोजून घ्यावे आणि एका पायाची पावले मोजत धावावे. बहुतेकांची संख्या चाळीसच्या आसपास येते. थकल्यावर ती वाढते. म्हणून ती संख्या संध्याकाळी, दिवसभराचे काम झाल्यावर पुन्हा मोजावी. स्पर्धेतील चुका बहुधा शेवटच्या तिसऱ्या भागात होतात, कारण दमलेला मेंदू नकाशा पाहण्याचे टाळून पायांच्या मागे जातो. त्यामुळे कामावरून थकून आलेल्या माणसाची संध्याकाळ वाया गेलेली समजू नये. शिणलेल्या डोक्याने निर्णय घेण्याचा सराव त्याच वेळी होऊ शकतो. मात्र संध्याकाळी बाजार भरात असतो, तेव्हा धावू नये, झपाट्याने चालावे.

ज्या देशांत हा खेळ रुजला, तेथेही तो मुख्यतः नोकरदारांनीच जगविला आहे. फिनलंडमध्ये ‘इल्तारास्तित’ म्हणजे संध्याकाळचे कंट्रोल या नावाने आठवड्याच्या मधल्या दिवशी खुल्या धावा होतात. लोक कामावरून परस्पर तेथे येतात, सोयीच्या वेळी सुटतात आणि घरी जातात. स्वीडनमध्ये ‘नातुरपासेत’ नावाचा नकाशासंच मिळतो. त्यातील कंट्रोल अनेक महिने जागेवर असतात आणि ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा तो ते शोधतो. लंडनमध्ये तर थेट रस्त्यांवरच संध्याकाळच्या स्पर्धा होतात. साठ मिनिटांत जमतील तेवढे कंट्रोल गाठायचे, उशीर झाला तर गुण वजा. निशाणाच्या जागी दिव्याच्या खांबाचा क्रमांक किंवा फलकावरील एखादा शब्द टिपून घ्यायचा. मंडी मोहल्ल्याला हा शेवटचा प्रकार जसाच्या तसा लागू पडतो. स्वित्झर्लंडच्या सिमोन निगली यांचे उदाहरण अशा वेळी आठवते. शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ असलेल्या या खेळाडूने २००१ ते २०१३ या काळात जागतिक स्पर्धेत २३ सुवर्णपदके मिळविली. २००८ मध्ये पहिले मूल आणि २०११ मध्ये जुळी झाली, तरी त्या पुन्हा स्पर्धेत उतरल्या.

नकाशा कोठून आणायचा, हा प्रश्न पूर्वी अडचणीचा होता. आता २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाच्या आधारे ओपन ओरिएंटियरिंग मॅप ही विनामूल्य सोय कोणत्याही वस्तीचा साधा नकाशा छापून देते. भारत सरकारनेही फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांविषयीचे नियम बरेच सैल केले. छापलेला नकाशा घेऊन एकदा पायी फिरावे आणि चुकलेल्या गल्ल्या पेन्सिलीने दुरुस्त कराव्यात. ही दुरुस्ती कंटाळवाणी भासली, तरी निरीक्षणाची तीच उत्तम तालीम आहे. ऑस्ट्रेलियात तयार झालेले मॅपरन हे मोबाइलचे ॲप कंट्रोल गाठताच आवाज करून सांगते. अरुंद गल्लीत उपग्रहाचा अंदाज थोडा हुकतो, एवढे लक्षात ठेवावे. पडद्यावरचा निळा ठिपका मात्र बंदच असावा. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनुभवी ओरिएंटियरिंगपटूंनी आपली दिशाज्ञान व स्मरणशक्ती इतरांपेक्षा चांगली असल्याचे सांगितले. उत्तरे स्वतः त्यांनीच दिलेली असल्याने त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण ठिपक्याच्या मागे चालणाऱ्याला आपण कोणत्या चौकातून आलो हे सांगता येत नाही, हा अनुभव कोणालाही घरबसल्या घेता येईल.

वस्तीत धावताना एक पथ्य कसोशीने पाळावे. स्प्रिंटच्या नकाशावर खासगी आवारे गडद हिरवट-पिवळ्या रंगाने दाखवितात आणि त्यांत पाऊल टाकणारा स्पर्धक बाद होतो. मोहल्ल्यात असा रंग जमिनीवर नसतो. तो मनात ठेवावा लागतो. कोणाचे अंगण, मशिदीचे किंवा मंदिराचे आवार, शाळेचे फाटक हे सारे त्या रंगाचे. रोज दिसणारा धावणारा माणूस तिसऱ्या दिवसापासून ओळखीचा होतो. कोणी चौकशी केली तर थांबून नकाशा दाखवावा. घड्याळाची अर्धी मिनिट गेली तरी पुढच्या सकाळी वाट मोकळी मिळते.

मोहल्ला एक गोष्ट शिकवू शकत नाही, ती म्हणजे चढ-उतार. समोच्च रेषा वाचणे हा अरण्यातील ओरिएंटियरिंगचा गाभा आहे आणि त्यासाठी उंचसखल जमीन लागतेच. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी मिळते. ज्यांना ती आहे त्यांनी हे दोन दिवस डोंगरासाठी राखावेत, इतरांना रविवार आहेच. समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरहून अधिक उंचीची चामुंडी टेकडी शहराला लागूनच आहे आणि वर जाण्यास सुमारे हजार पायऱ्या आहेत. तेथील जंगल राखीव असून बिबट्यांचा वावर आहे. म्हणून पायवाट सोडून जाऊ नये. पायऱ्यांवरूनच उंचीचा नकाशा हातात धरून चढावे. तपकिरी रेषा दाट झाल्या की पुढे पायांना काय जाणवणार, याचा अंदाज आधी बांधावा, मग चढून पाहावे. वाटेतील एका शिळेच्या भव्य नंदीपाशी थांबून, आपण किती रेषा ओलांडल्या हे नकाशा न उघडता सांगून पाहावे. सोमवारी दुपारी डबा झाल्यावर तोच नकाशा टेबलावर पसरून प्रत्यक्ष गेलेली वाट लाल पेन्सिलीने काढावी आणि अंदाज कोठे किती चुकला, ते शेजारी लिहून ठेवावे.